दोनशे अंशावरची पायरी

माझ्या पीएच.डी.चा विषय आमच्या घरात कोणालाही कधीच कळला नाही, आणि त्यात घरच्यांची काही चूक नव्हती. भातकुली तालुक्यात आमचं वांग्या-भेंडीचं शेत. पहिल्या वर्षी आईने बाजाराची वांगी निवडता निवडता विचारलं, "तू तिथं करते काय वं नेमकं?" मी म्हटलं, "मीठ पातळ करते." आई म्हणाली, "त्याले पाच वर्षं कायले पायजे? पाण्यात टाक." बाबा हसलेही नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, कारण त्यांनाही तेच वाटत होतं.

पाण्यात न टाकता पातळ, हीच तर त्यातली गंमत. मीठ म्हणजे धन कण आणि ऋण कण यांचा संसार. खायच्या मिठात दोघंही सुटसुटीत असतात, एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून त्याचा खडा होतो आणि तो वितळवायला आठशे अंश लागतात. त्यातल्या धन कणाच्या जागी एखादा अवजड, वेडावाकडा, लांब शेपटीचा कण बसवला, की दोघांना धड शेजारी बसताच येत नाही. अशी जोडी मग साध्या खोलीतसुद्धा पातळच राहते. याला म्हणायचं आयनिक लिक्विड. पाणी शंभर अंशाला उकळून पळून जातं, हे पळत नाही. तापवा, आणखी तापवा, जागचं हलत नाही. पण सहनशक्तीलाही हद्द असते. एका तापमानानंतर ऋण कण धन कणाच्या शेपटीचा लचका तोडतो, दोघांचे तुकडे होतात, तुकडे वायू होऊन उडून जातात आणि मागे उरतं ते काळं, चिवट, भांड्याला चिकटलेलं काहीतरी. हे मोडणं किती अंशाला सुरू होतं आणि कोणत्या वाटेने होतं, एवढं शोधण्यात मी अमरावतीला पाच वर्षं काढली.

माझा द्रव साधारण पावणेतीनशे अंशांपर्यंत टिकतो, असा माझा दावा होता. दावा सोपा होता, सर कठीण होते. आमचे सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्या वर्षी जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. माझ्या नोंदणीची मुदत एप्रिलअखेर संपत होती. त्याआधी प्रबंधाच्या फॉर्मवर सरांची सही झाली नाही तर पाच वर्षं पाण्यात. सरांची अट एकच होती: तीन वेळा मोजायचं, तिन्ही आलेख एकसारखे आले पाहिजेत, मग सही. मी एकदा म्हणून पाहिलं, "सर, दोन चालतील का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चार करून देते म्हणाले.

हे मोजणारं मशीन आमच्या विभागात नव्हतं. ते अकोल्याच्या एका कॉलेजात होतं आणि बाहेरच्यांना फक्त गुरुवारी मिळायचं. नाव त्याचं लांबलचक आहे, काम मात्र किराणा दुकानातलं: एक छोटी भट्टी, आणि भट्टीत टांगलेला तराजू. तराजूच्या पारड्यात द्रवाचा एक थेंब ठेवायचा, भट्टी मिनिटाला दहा अंशांनी तापवत न्यायची, आणि थेंबाचं वजन कधी घटायला लागतं ते पाहायचं. वजन आहे तसं असेपर्यंत पडद्यावर आडवी सरळ रेघ दिसते. द्रव मोडायला लागला, तुकडे उडायला लागले, की रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. आपण फक्त रेघेकडे टक लावून बसायचं. विज्ञानात यापेक्षा रोमहर्षक कामं असतील, पण ती मला मिळाली नाहीत.

द्रव न्यायला माझ्याकडे एक तपकिरी काचेची शिशी होती. विभागातल्या बाकी सगळ्या शिश्यांची झाकणं गळायची, हिचं एकटीचं बसायचं. शिवाय तपकिरी असल्यामुळे आत उजेड जायचा नाही, आणि दुर्दैवाने आत दिसायचंही नाही. ती फुटू नये म्हणून मी ती कापसात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायची आणि डबा मांडीवर घेऊन बसायचं. कुरूम, माना, मूर्तिजापूर, प्रत्येक स्टेशनवर नवी बाई समोर येऊन बसायची आणि डब्याकडे पाहायची. मूर्तिजापूरला चढलेल्या एकीने तर शेवटी विचारलंच, "पोरी, डबा हाये अन् खाऊन नाई राह्यली?" मी म्हटलं, यात औषध आहे. तिने मला बोरगावपर्यंत आपल्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगितली आणि उतरताना थोडं औषध मागितलं.

अकोल्याच्या कॉलेजात ते मशीन चालवणारे एक भाऊ होते. पंचवीस वर्षं त्यांनी त्या खोलीत काढलेली. कोणाची काय डिग्री आहे याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही. पहिल्या गुरुवारी त्यांनी माझा थेंब पारड्यात ठेवला आणि विचारलं, "किती टिकते म्हणता?" पावणेतीनशे, मी म्हटलं. "मशीन कायले लावता मंग? मे महिन्यात अकोल्याच्या स्टँडवर ठेवा. तिथं टिकलं तं कुठंबी टिकते." थेंब टिकला. रेघ दोनशे साठपर्यंत चटईसारखी सपाट गेली, मग जरा वाकली आणि पावणेतीनशेच्या आसपास पडली. इतकी देखणी रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. उरलेला द्रव भाऊंनी टाकाऊच्या बाटलीत ओतून घेतला, आणि मी रिकामी शिशी डब्यात घालून मावशीकडे जेवायला गेले.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. अकोल्यात राहते, आणि तिच्याकडे न जेवता अकोल्यातून परत गेलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. जेवल्यावर मी डबा विसळायला उठले तर तिने हातातून ओढून घेतला. "बस तिथंच. जेवलेल्या माणसानं भांडे घासते का कुठं?" डबा घासला, शिशीपण घासली. निघताना डबा परत आला तो शेवेच्या लाडवांनी गच्च भरलेला, आणि शिशी वर कापसात नीट गुंडाळलेली. मला वाटलं, चला, एक काम वाचलं.

विभागात आल्यावर मी शिशीत दोनदा अ‍ॅसिटोन फिरवून ओतून टाकलं आणि ती ओव्हनमध्ये वाळवली. आमच्याकडे सगळे तसंच करतात. अ‍ॅसिटोनने धुतलं की भांडं पवित्र झालं अशी रसायनशास्त्रवाल्यांची ठाम श्रद्धा आहे. पुढच्या गुरुवारी त्याच शिशीत विभागातल्या त्याच मूळ बाटलीतला द्रव भरून मी परत अकोल्याला.

या वेळी रेघ दोनशेजवळ आली आणि तिने एक पायरी घेतली. छोटीशी, पण स्पष्ट. खाली उतरली, परत सपाट झाली आणि मग पावणेतीनशेला नेहमीसारखी पडली. मशीनमधला वायू नळीतून खिडकीबाहेर सोडलेला असतो. भाऊ खिडकीशी गेले, नाक पुढे केलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं द्रव्य जिलबीसारखा वास मारून राह्यलं." मला राग आला. पाच वर्षांची तपश्चर्या आणि हा माणूस तिला जिलबी म्हणतो. मी वहीत लिहिलं: 'विघटनाच्या पहिल्या टप्प्यात गोडसर वास.' असं लिहिलं की कसं शास्त्रीय वाटतं.

पुन्हा मावशी, पुन्हा जेवण, पुन्हा घासलेली शिशी. तो पाडव्याचा आठवडा होता, मावशी खुशीत होती. तिसऱ्या गुरुवारी पायरी आली ती आधीपेक्षा दुप्पट मोठी.

आता खरं सांगायचं तर मला रडू यायला हवं होतं, कारण तीनपैकी दोन आलेख पहिल्याशी जुळत नव्हते. पण परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एक विचार शिरला आणि तो टाकळीपर्यंत चांगलाच फुगला. एकदा चूक होते. दोनदा होते ती चूक नसते, तो शोध असतो. माझा द्रव एका झटक्यात मोडतच नाही. आधी दोनशेला काहीतरी सुटतं, मग पावणेतीनशेला सगळं कोसळतं. आणि द्रव जितका जुना, तितकी पायरी मोठी. हे जगात कोणाच्याच लक्षात आलेलं नाही, फक्त माझ्या. बडनेरा येईपर्यंत मी त्या सुटणाऱ्या रेणूचं चित्रसुद्धा तिकिटामागे काढलं होतं.

सरांना आलेख दाखवताना मी घाबरले होते. सर एरवी मोजकं आणि पुस्तकी बोलायचे. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "ही पायरी कोणालेच दिसली नाही आतापर्यंत." सर वऱ्हाडीवर आले की समजायचं, मनापासून बोलतायत.

त्यानंतर सर बदललेच. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टी शिकवल्या होत्या. चांगल्या शिकवल्या, पण त्या दुसऱ्यांच्या. आता जाता जाता त्यांना स्वतःची एक गोष्ट सापडली होती. ते जिना भराभर चढायला लागले. कॅन्टीनमध्ये चहा पिताना इतिहासाच्या प्राध्यापकांना पायरी समजावून सांगायला लागले, आणि त्या बिचाऱ्यांनी ती समजूनही घेतली. एक दिवस सरांनी विभागात पेढे वाटले. कशाबद्दल, असं शिपाईकाकांनी विचारलं तर म्हणाले, "दोनशे अंशाबद्दल." पेढा मीही खाल्ला. चांगला होता.

मला त्यांनी नवं प्रकरण लिहायला सांगितलं. मी अठरा पानं लिहिली. त्यात द्रव आधी कुठली शेपटी सोडतो, का सोडतो, सोडताना गोडसर वास का येतो, हे सगळं बाण काढून, आकृत्या देऊन, इतक्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की आज वाचताना कानशिलं गरम होतात. सर म्हणाले, "आता या पायरीसकट आणखी दोन आलेख आणा. तीन जुळले की सही." एप्रिलचे दोनच गुरुवार उरले होते.

त्यातल्या पहिल्या गुरुवारी मी अकोल्यात उतरले तर भाऊंचा फोन आला की कॉलेजातली लाइट गेलीये, दुपारी या. म्हणून मी मोजायच्या आधीच मावशीकडे गेले. डबा ओट्यावर ठेवला. मावशी भाकरी थापत होती. थापता थापता तिने सहज विचारलं, "काय वं, शिशीतली साखर खाल्ली का?"

मी म्हटलं, "कोणती साखर?"

"शिशीतली. दर खेपेला टाकली. तू तं काही बोललीच नाई."

मी भिंतीला टेकून बसले. मावशी भाकरी उलटवून सांगत होती, अगदी शांतपणे, की भरलेलं भांडं आलं आणि रिकामं परत केलं असं तिच्या हातून कधी झालेलं नाही, डब्यात लाडू घालायचा आणि त्या बिचाऱ्या शिशीला रिकामं पाठवायचं हे तिला बरं वाटेना, तेवढ्याशा तोंडात लाडू काही जाईना, म्हणून चिमूट चिमूट साखर. पाडव्याला दोन चिमटी.

मी डोकं धरलं. सगळं डोळ्यांसमोर लख्ख दिसायला लागलं. ओल्या शिशीत साखर बुडाला चिकटून बसली. मी तिच्यावर अ‍ॅसिटोन फिरवलं, आणि साखर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना स्वतः शिकवते. ओव्हन शंभराच्या जरा वर असतो, तिथे साखरेला काही होत नाही. मग मी द्रव ओतला. माझा द्रव साखर छान विरघळवतो, हा त्याचा गुण मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात कौतुकाने लिहिलेला. बडनेरा ते अकोला गाडीने शिशी हलवून दिली. आणि दोनशेच्या सुमाराला साखर करपते, पाणी सोडते, वजन घटतं. पायरी.

"मावशी, तू माझं वाटोळं केलं," मी म्हटलं. तिला ते लागलं. "चिमूटभर साखरेनं वाटोळं होते? अन् एवढे शिकलेले तुमी, पंधरा दिवस साखरच पाहून राह्यले अन् कोणाले समजलं नाई? कोणी चाटून नाई पाह्यलं?"

"चाटायचं नसतं, विषारी असतं ते."

"मंग माह्या घासलेल्या डब्यात कायले ठेवते विष?" तिने पुढची दहा मिनिटं डबा चिंच लावून पुन्हा घासला आणि मग हात पुसत जाहीर केलं की ती माझ्यासोबत कॉलेजात येते आहे. तिथे कोणी साहेब असेल त्याला ती सांगणार होती, की पोरीची चूक नाई, साखर मी टाकली.

साहेब म्हणजे भाऊ होते. मावशीने लुगड्याचा पदर सारखा करून त्यांना सगळं सांगितलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचा चांगुलपणा असा, की जिलबीचं नाव त्यांनी काढलं नाही. "मशीन एवढं मोठं," मावशी त्यांना म्हणाली, "अन् साखर ओळखू येत नाई याले?" भाऊ म्हणाले, "आजी, याले फक्त वजन समजते. काय उडून गेलं थे तुमाले ओळखा लागते."

त्या दुपारी आम्ही दोन थेंब तापवले. एक थेंब भाऊंच्या कोऱ्या शिशीतून, मूळ बाटलीतून थेट ओतलेला; दोन मोजण्या उरल्या म्हणून ती बाटली मी त्या दिवशी सोबत आणली होती. रेघ पहिल्या गुरुवारसारखी सपाट. दुसऱ्यात मावशीने आपल्या हाताने, आपल्या अंदाजाने चिमूटभर साखर टाकली. दोनशेला पायरी आली, पाडव्याच्या पायरीची सख्खी बहीण. मावशी पडद्याकडे पाहून म्हणाली, "हे माही साखर काय? चांगली दिसते." तिला स्वतःचा फोटो दाखवल्यासारखा आनंद झाला होता.

परतीच्या गाडीत मात्र माझं हसू गेलं. मी काय काय करू शकते हे मी मोजत होते. उरलेल्या गुरुवारी शिशीत मोजून साखर टाकली तर तीन आलेख पायरीसकट जुळले असते, अठरा पानं वाचली असती, सही झाली असती, सर जूनमध्ये ताठ मानेने गेले असते. मावशी आणि भाऊ सोडून कोणाला कळलं नसतं. हा विचार मी केला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मूर्तिजापूर ते बडनेरा मी तो विचार नीट, सविस्तर केला. मग मला त्या पेढ्याची चव आठवली आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. साखर, चिमूट, अ‍ॅसिटोन, मावशी. साखर टाकलेला आणि न टाकलेला, दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले. सांगून झाल्यावर सरांनी टेबलावरची ती अठरा पानं उचलली, कडा जुळवून नीट केली आणि मला परत दिली.

"किती आलेख आहेत तुमच्याकडे? बिनसाखरेचे," त्यांनी विचारलं.

"दोन."

"तीन पाहिजेत."

मी मान हलवली. केबिनबाहेर आल्यावर मला खूप रडू आलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटच्या गुरुवारी मी बडनेऱ्याच्या फलाटावर उभी होते, तर सर समोरून आले. हातात छत्री, खांद्याला झोळी. "मी पण येतो," एवढंच म्हणाले. मला वाटलं, यांचा आता माझ्यावर भरवसा राहिला नाही. शिशी मी डब्यात नाही, हातरुमालात धरली होती. सरांनी ती माझ्याकडून घेतली आणि पूर्ण रस्ता स्वतःच्या मुठीत ठेवली. मधे एकदा त्यांनी ती उजेडात धरून आत पाहायचा प्रयत्न केला. दिसलं काही नाही.

भाऊंनी सरांना मशीनसमोरची खुर्ची दिली. थेंब पारड्यात गेला, भट्टी बंद झाली, रेघ निघाली. पन्नास, ऐंशी, शंभर. शंभर ते दोनशे या अंतराला त्या मशीनवर दहाच मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं मी तिथे कितीतरी वेळा काढलेली असूनही इतकी लांब कधी वाटली नव्हती. दीडशेला सर खुर्चीत पुढे सरकले. एकशे ऐंशीला त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला. आणि मग माझ्या लक्षात आलं, ते माझ्यावर लक्ष ठेवायला आलेच नव्हते. सगळं कळलेलं असूनही, दोन्ही आलेख डोळ्यांनी पाहिलेले असूनही, त्यांना अजून वाटत होतं, की पायरी कदाचित खरीच असेल. साखरेशिवायसुद्धा येईल. ते तिला पाहायला आले होते.

माझी डिग्री त्या रेघेच्या सरळ जाण्यावर टांगलेली होती. तरी एकशे पंच्याण्णवला मला मनापासून वाटलं, यावी. छोटी का होईना, एक यावी.

दोनशे आले, दोनशे पाच आले, दोनशे वीस. रेघ सपाट होती.

"नाई आली," सर म्हणाले. मग त्यांनी झोळीतून माझा फॉर्म काढला, घरूनच आणलेला होता, मांडीवर छत्री आडवी धरून त्यावर ठेवला, आणि भाऊंकडे पेन मागितलं. पडद्यावर माझा द्रव पावणेतीनशेला मोडला तेव्हा सर मान खाली घालून सही करत होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.